मोरीच्या पाण्यावरचा पाला

ते १९८६ साल होतं. लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, गावात रोज एखाद्या नव्या कचेरीची पाटी लागत होती, आणि पावसानं मात्र लागोपाठ दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. ज्या दिवशी यायचं, त्या दिवशी गल्लीतल्या बायका देवपूजासुद्धा लांबणीवर टाकायच्या.

मी देगलूरची. लग्न होऊन लातुरात आले ती शिवमूर्तींच्या घरी. ते नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून होते. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई, पार्वतम्मा. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. सासरे गुरुबसप्पा दोन वर्षांपूर्वी वारले होते. औशाच्या वाटेवर आमचं शेत होतं. त्या शेताचा आत्याबाईंना जेवढा अभिमान होता तेवढा मुलाच्या सरकारी नोकरीचाही नव्हता.

त्याला कारण होतं येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या आली की आमच्या भागात गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. ज्याला शेत आहे तो बोलावतो, ज्याला नाही तो जातो. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, तिच्यात पाच दगड मांडून पूजा करायची, आणि मग भज्जी, आंबिल, खीर. भज्जी म्हणजे शेतात त्या दिवसांत जे जे हिरवं असेल ते सगळं बेसनात घोटलेलं. शिवाय पाहुण्यानं शेतात फिरायचं आणि आपल्या हातानं पाला खुडून भाकरीबरोबर कच्चा खायचा. मेथी, करडई, पातीचा कांदा, मुळा. गुरुबसप्पांच्या शेतातली येळवस आसपासच्या चार गावांना ठाऊक होती.

त्या वर्षी दिवाळीच्या फराळाला शिवमूर्तींचे साहेब आणि त्यांच्या मंडळी घरी आल्या. ती मंडळी दुसऱ्या मुलखातली होती, येळवस म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. आत्याबाई चिवड्याची बशी पुढं करत म्हणाल्या, "साहेब, येळवशीला दुसरीकडं जायचं न्हाई. सगळी कचेरी घिऊन आमच्या शेतात यायचं. हिरवं कसं खात्यात ते दावते."

साहेब गेल्यावर शिवमूर्ती कपाळाला हात लावून बसले. "आई, शेतात काय हाय? नुसती ढेकळं. विहिरीत बेडूक बी न्हाई."

"मग काय म्हणू? या वर्षी आमची चूल पेटणार न्हाई म्हणू?" आत्याबाई म्हणाल्या. "तुजा चुलता मलप्पा शेजारच्या बांधावर टपूनच हाय. आपली येळवस मोडली की समद्यांला आपल्या कोपीत घिऊन जाईल. मरंस्तोवर सांगत फिरंल, गुरुबसप्पा गेला आन त्याच्या शेतातला धूर बी गेला."

आता सगळं माझ्या वाफ्यावर आलं.

तो वाफा मी दसऱ्यानंतर परसात केला होता. हौस म्हणूनच. माहेरी आमच्या परसात हिवाळाभर पाला असायचा. माती भुसभुशीत करून शेळ्यांच्या लेंड्या आणि चुलीतली राख मिसळली, ओळी धरल्या, मेथी-करडई-मुळा टाकला. पण पाणी कुठलं घालणार? आमच्या घरातलं वापरलेलं पाणी भांड्यांना पुन्हा वापरलं जायचं. वाफ्यापर्यंत काही पोचायचं नाही.

शेजारच्या घरात नरसिंग वाघमारे राहायचे, उमरीचे. शिवमूर्तींच्याच कचेरीत होते. नवा जिल्हा झाला तेव्हा बदलून आलेले. त्यांची बायको सरजाबाई शाळेत शिक्षिका. बौद्ध कुटुंब. त्यांच्या घरमालकानं अंगणात बोअर पाडली होती आणि अख्ख्या गल्लीत त्या एकाच बोअरला पाणी टिकलं होतं. अर्धी गल्ली तिथून घागरी भरायची. सरजाबाईंनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

आत्याबाई मात्र जायच्या नाहीत. टँकरच्या रांगेत उन्हात उभ्या राहतील, पण त्या अंगणातलं पाणी पिणार नाहीत. तोंडानं कधी काही बोलल्या नाहीत. "बोअरचं पाणी मला बाधतंय," एवढंच.

आमच्या आणि त्यांच्या परसात नुसता कमरेएवढा दगडी गडगा होता. त्यांच्या मोरीचं पाणी गडग्याच्या कडेनं वाहत गटाराला मिळायचं. एक दिवस सरजाबाई धुणं वाळत घालत होत्या. माझ्या सुकलेल्या ओळींकडं बघून म्हणाल्या, "अगं शिवकांता, पाल्याला पाणी घालतीस का नुसत्या शिव्या घालतीस?"

"पाणी कुठलं घालू ताई?"

"मग आमचं घे की. दोन पोरं आन त्यांचा बाप, आंघोळीला बसली की नदी वाहती. गटाराला तरी कशाला पाजायचं?"

मी आत्याबाईंना भीत भीत विचारलं. त्या सुपारी कातरत होत्या. बराच वेळ कातरतच राहिल्या. मग म्हणाल्या, "वापरलेलं पाणी मातीत जातंय. मातीला कसली शिवाशीव? घे."

हे मी सरजाबाईंना सांगायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं. त्या एवढ्या हसल्या की हातातला पीळ घातलेला टॉवेल खाली पडला. "म्हंजे चांगलं पाणी चालत न्हाई, आंघोळीचं चालतंय! काकूंचं उलटंच हाय बाई समदं."

हसल्या खऱ्या. पण टॉवेल उचलून पुन्हा पिळताना त्यांचं हसू संपलं होतं, ते मी पाहिलं.

गडग्यातला खालचा एक दगड आम्ही काढला आणि पाण्याच्या वाटेत एक वीट ठेवली. वीट इकडं सरकवली की पाणी माझ्या वाफ्यात, तिकडं सरकवली की गटारात. साबणाचं पाणी पाल्याला चालत नाही. म्हणून पोरांना साबण लावायच्या दिवशी सरजाबाई आतूनच ओरडायच्या, "शिवकांताऽ, आज साबण हाय गं!" मग मी पळत जाऊन वीट फिरवायची. शेजारणी हसायच्या. आम्ही पण हसायचो.

सरजाबाईंचा भाऊ नांदेडला एका मोठ्या बंगल्यावर माळी होता. त्यानं सॅलडच्या पानांचं बी पाठवलं होतं. ते त्यांनी मला दिलं. "माज्याकडं जागा न्हाई, तुज्याकडं टाक. आलं तर अर्धं अर्धं." मी असलं बी पहिल्यांदाच पाहत होते. राखेसारखं हलकं, बोटाला चिकटणारं. वर माती दाबली तर उगवत नाही, नुसतं भुरभुरायचं. थंडीत ते हळूहळू उगवलं. कोबीसारखी पानं, पण सुटी, कडेला झालरीसारखी मुडपलेली. रात्री गार वारं सुटलं की मी वाफ्यावर जुनं लुगडं काड्यांवर ताणून ठेवायची आणि सकाळी ऊन कोवळं असताना काढायची. झाड कापायचं नाही, बाहेरची पानं खुडायची, मधला कोंब ठेवायचा. जसजशी थंडी वाढली तसतशी पानं गोड होत गेली. मेथीचा कडूपणासुद्धा कमी झाला. दुष्काळात सगळं गाव धुळीचं झालं होतं आणि आमच्या परसात तो बाजेएवढा हिरवा तुकडा होता. आत्याबाई सकाळी त्याच्यापुढं पाट टाकून बसायच्या. त्या पाल्याबरोबर भाकरीही खायच्या. दोन भाकरी जास्तच जायच्या.

येळवशीच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "उद्या हा समदा पाला शेतात न्यायचा."

"पाटीत भरून नेऊ. वर ओलं फडकं टाकून," मी म्हटलं.

"पाटीत न्हाई. लावायचा."

मला कळेचना.

"कोपीभवती वाफा करायचा आन त्येच्यात लावायचा. पाहुण्यानं खुडून खायाचं असतंय. पाटीतला पाला तर बाजारात बी मिळतोय. मलप्पाला दिसू दे, गुरुबसप्पाच्या शेतात हिरवं हाय."

"मग मुळासकट मातीचा गड्डा धरून काढते आत्याबाई. तसंच रोवू. टिकंल दिवसभर."

"आन मागं काय राहील? खड्डे? इळ्यानं काप. बुडखे राहू दे, संक्रांतीला परत फुटतील. अर्ध्या दिवसाचा तर प्रश्न हाय."

मी आणखी एकदा सांगून पाहिलं. शिवमूर्तींनी वर्तमानपत्रात तोंड घातलं. आईच्या पुढं ते असंच करायचे.

पहाटे उजाडता उजाडता मी पाला कापला. सरजाबाईंचा अर्धा वाटा बाजूला काढायला गेले तर आत्याबाई म्हणाल्या, "आज न्हाई. तिचा तिला मागून फुटंल त्यातून दे." आम्ही टेंपोनं शेतात गेलो. कडबा नव्हता, म्हणून तुराट्यांची कोप केली. तिच्याभोवती आत्याबाईंनी स्वतः खुरप्यानं माती उकरली, वरून टँकरच्या प्यायच्या पाण्याची घागर ओतली, आणि आम्ही दोघी सासवा-सुना वाकून कापलेला पाला मातीत खोचत बसलो. मेथीच्या काड्या, करडई, मुळ्याची पानं, आणि पुढच्या बाजूला ऐटीत सॅलडचे गड्डे. लांबून बघितलं तर खरंच हिरवागार वाफा. भोवताली काळी भेगाळलेली रानं. आत्याबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "मालक असते तर," एवढंच म्हणाल्या. त्या वेळी मला त्यांची माया वाटली.

अकराच्या सुमाराला कचेरीची जीप आली. साहेब उतरले, मॅडम उतरल्या, तीन-चार कारकून उतरले आणि मागून नरसिंग वाघमारे आणि सरजाबाई. आत्याबाईंनी 'सगळी कचेरी' म्हटलं होतं. त्या सगळ्यात कोण कोण येतं, हा विचार त्यांनी केला नव्हता. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "या, बसा."

सरजाबाईंनी मोरपंखी साडी नेसली होती. कोपीजवळ येताच त्यांनी तो वाफा पाहिला. सॅलड पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मी भाकरी थापायला खाली मान घातली.

मलप्पा आलेच होते. बांधावरून. डोक्याला रुमाल, हातात अडकित्ता. "वैनी, आं? हिरवं? आमच्या रानात गवताची काडी न्हाई आन तुमच्याकडं बाग!"

"आमच्या विहिरीला झरा हाय भावजी," आत्याबाई म्हणाल्या. आवाज मुद्दाम साहेबांपर्यंत जाईल एवढा. "लोकं म्हणत्यात आटली. पण मालकांची पुण्याई हाय. रोज दोन घागरी तरी पाझरती. त्याच पाण्यावर हा पाला केलाय. चोख पाणी, देवाला चालंल असलं."

सरजाबाई चटईवर बसल्या होत्या. हातातल्या द्रोणाची कड त्या नखानं दुमडत होत्या. नरसिंगरावांनी त्यांच्याकडं पाहिलं. सरजाबाईंनी मान हलवली, नको म्हणून.

जेवणं सुरू व्हायला दुपार झाली. डिसेंबर असला तरी आमच्याकडचं दुपारचं ऊन म्हणजे ऊन. मी सारखी वाफ्याकडं बघत होते. आधी मेथीनं मान टाकली. मग मुळ्याची पानं आडवी झाली. सॅलडच्या कडा कागदासारख्या झाल्या. आत्याबाईंनी दोनदा तांब्याभर पाणी शिंपडलं, पण ते पाणी पिणार कोण? पाल्याला तोंडच नव्हतं.

"अय्या, सॅलड! इथं!" मॅडमना मोठा आनंद झाला. "मी काढू का एक?"

आत्याबाई "मी देते, मी देते" म्हणत उठेपर्यंत त्यांनी वाकून गड्डा धरला आणि जोर लावून ओढला. जोर वाया गेला. गड्डा अलगद हातात आला आणि मॅडम मागं धडपडल्या. खाली मूळ नव्हतं. इळ्यानं कापलेला पांढरा, सपाट देठ होता.

मॅडमनी तो उलटा करून पाहिला, मग साहेबांकडं पाहिलं. मलप्पांनी पुढं होऊन दोन बोटांनी एक मेथीची काडी उचलली. तीही तशीच आली.

"वैनी," ते म्हणाले, "ह्यो पाला पेरलाव का खोवलाव?"

कारकून हसले. साहेबांनी हसू दाबायला रुमाल तोंडाला लावला. आत्याबाईंचा चेहरा मी आयुष्यात तसा कधी पाहिला नव्हता. मग त्या म्हणाल्या, "सूनबाईनं लावलंय ते. देगलूरची हाय. तिला रानातलं काय कळतंय? काय करून बसली बघा."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. शिवमूर्ती सोडून. ते कोपीच्या तुराट्या मोजत असल्यासारखे वर बघत होते. माझ्या हातात भाकरीचं पीठ होतं. मला वाटलं, आता जमिनीतल्या या भेगा आहेत ना, त्यातली एखादी मोठी असती तर बरं झालं असतं.

मॅडम भल्या होत्या. विषय बदलायचा म्हणून त्या सरजाबाईंकडं वळल्या. "तुमच्याकडं पण लावता का हो असं काही?"

सरजाबाईंच्या हातात तेव्हा सगळं होतं. एक वाक्य बोलल्या असत्या तर विहीर, झरा, पुण्याई, काही उरलं नसतं. त्या आत्याबाईंकडं पाहत राहिल्या. आत्याबाईंनी नजर खाली घातली.

"न्हाई मॅडम," सरजाबाई म्हणाल्या. "आमच्याकडं जागा न्हाई. आमच्याकडं नुसतं पाणी हाय."

कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मॅडम म्हणाल्या, "पाणी आहे म्हणजे नशीबवान!" ते फक्त आम्हां तिघींना कळलं.

नंतर आंबिल वाढायची होती. ती घरच्या कर्त्या बाईनं आपल्या हातानं प्रत्येकाच्या द्रोणात ओतायची असते. आत्याबाई वाढत वाढत आल्या. सरजाबाईंच्या पुढं आल्यावर थबकल्या. पळी मडक्यात तशीच ठेवून म्हणाल्या, "शिवकांता, ह्यांना तू वाढ." सवयीनं म्हणाल्या की लाजेनं, मला आजही सांगता येत नाही. मी मडकं घेईपर्यंत सरजाबाईंनी द्रोण उपडा घातला. "पोट भरलं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेले तेव्हा गडग्यातला तो दगड परत जागेवर बसला होता. वर चिखल लिंपला होता. सरजाबाई धुणं वाळत घालत होत्या.

"ताई," मी म्हटलं.

"आता पोरं रोजच साबण लावत्यात गं," त्या म्हणाल्या. अगदी नेहमीच्या आवाजात. "शाळेत सांगितलंय त्यांना, स्वच्छता पाळा म्हणून. तुज्या पाल्याला चालायचं न्हाई."

मी त्यांचा अर्धा वाटा देऊ शकले नाही. द्यायला काही उरलंच नव्हतं. बुडख्यांना बारीक कोंब आले होते, ते चार-सहा दिवसांत करपले. आत्याबाई रोज सकाळी पाट टाकून त्या कोरड्या वाफ्यापुढं बसायच्या. जेवण निम्म्यावर आलं. घरात कुणी येळवशीचं नाव काढत नव्हतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्यांनी रिकामी घागर घेतली. मला वाटलं टँकर आला. त्या गडग्याला वळसा घालून सरळ वाघमाऱ्यांच्या अंगणात गेल्या. मी गडग्याआडून बघत राहिले. सरजाबाई दारात आल्या. आत्याबाईंनी घागर पुढं केली.

"प्यायला पाणी दे बाई."

सरजाबाईंनी घागर भरली, उचलून त्यांच्या कमरेवर ठेवायला मदत केली. "सांभाळून काकू, वाट उंचसखल हाय."

आत्याबाई घरात आल्या. घागर स्वयंपाकघरात ठेवली, तिच्यावर ताट झाकलं. दुपारी तहान लागली तेव्हा ताट काढलं, तांब्या बुडवला, तोंडापर्यंत नेला. तसाच खाली ठेवला. दोनदा असं झालं. मी पाट्यावर चटणी वाटत होते. मी वर पाहिलं नाही.

उन्हं उतरल्यावर त्यांनी घागर परसात नेली आणि अख्खी त्या वाफ्यात ओतली. कोरडी माती सुईंऽ करून पाणी पिऊन गेली. तिथं जगवायला काही नव्हतं. त्या रिकामी घागर धरून उभ्या राहिल्या. गडग्यापलीकडं सरजाबाई कपडे काढत होत्या. त्यांनी पाहिलं. घड्या घातलेले कपडे छातीशी धरून त्या आत गेल्या आणि पाठीमागं दार लावून घेतलं. हळूच लावलं, आदळलं नाही.

आता सगळ्यांचं पुढं काय झालं ते सांगते. मलप्पा ती गोष्ट लग्नाच्या पंगतींमधून सांगत राहिले. म्हातारपणी त्यांना काही आठवेनासं झालं, पण "पेरलाव का खोवलाव" एवढं आठवायचं. त्यांच्या रानात आता प्लॉटिंग झालंय. साहेबांची बदली लवकरच झाली. शिवमूर्तींनी त्या दिवसाबद्दल मला एकदाच सांगितलं, निवृत्त झाल्यावर, चहा पिता पिता, "तवा मी बोलायला पाहिजे होतं." मी म्हटलं, चहा निवतोय. ते जाऊन आता नऊ वर्षं झाली.

आत्याबाई त्यानंतर आठ वर्षं जगल्या. आमच्या शेतात पुन्हा येळवस झाली नाही. दर वर्षी त्या दिवशी त्यांची कंबर दुखायची. शेवटच्या आजारात त्यांना पाल्याची वासना झाली, "तसला, झालरीचा," म्हणायच्या. मी बाजारात खूप शोधला. तेव्हा लातुरात मिळायचा नाही.

सरजाबाई आणि नरसिंगराव १९८९ मध्ये नांदेडला गेले. जाताना त्या मला भेटून गेल्या, आत्याबाईंना बाहेरूनच "येते काकू" म्हणाल्या. पुढं त्या मुख्याध्यापिका झाल्या. मागच्या हिवाळ्यात नातवाच्या कामासाठी नांदेडला गेले तेव्हा पत्ता शोधत त्यांच्याकडं गेले. नरसिंगराव नाहीत आता. त्या काठी घेऊन चालतात. गच्चीवर त्यांनी जुन्या टबांमध्ये सॅलड लावलंय. माझ्यासमोर बाहेरची चार पानं खुडली, धुतली, मीठ लावून ताटलीत ठेवली.

"खा गं," म्हणाल्या. "नळाचं पाणी हाय. घाबरू नको."

त्या हसल्या. मला हसता आलं नाही. पान गोड होतं. थंडी चांगली पडली होती.